मोशेने काठी दोनदा मारली: संडे स्कूलमध्ये आज्ञाभंगाचा धडा कसा घ्यावा

लातुरात मी पंधरा-वीस वर्षं संडे स्कूल घेते. आज्ञाभंगाचा धडा नव्या टीचरच्या वाट्याला आला की ती हमखास बायबलमधल्या लोटाच्या बायकोपासून सुरुवात करते: मागं पाहू नका अशी आज्ञा असताना तिनं पाहिलं. मीही तेच केलं होतं. डोळे मोठे करून सांगितलं, मागं वळून पाहिलं अन् मिठाचा खांब झाली! वर्ग सुटला. सात वर्षांची एक पोर घराकडे निघाली, मागून आई हाका मारतेय, चप्पल विसरलीस म्हणून, आणि ही काही केल्या वळेना. भर उन्हात अनवाणी गेली. तेव्हापासून लहानांच्या वर्गात मिठाचा खांब बंद.

त्याऐवजी बायबलच्या गणना पुस्तकाचा 20 वा अध्याय घ्या, मरीबाचं पाणी: मोशे इस्राएल लोकांना मिसरातून काढून रानातून नेतोय आणि पाणी संपलंय. पाणी नसणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या पोरांना शिकवावं लागत नाही.

आदल्या रात्री निर्गम 17 आणि गणना 20 लागोपाठ वाचून ठेवा. रानातल्या रफीदीमला लोक तहानेनं कुरकुरले, तेव्हा देवानं मोशेला सांगितलं होतं, खडकावर काठी मार. मोशेनं मारली, पाणी आलं. पुढं कादेश नावाच्या ठिकाणी तीच तहान, तीच कुरकुर, पण आज्ञा वेगळी: काठी घे, मंडळी जमव आणि खडकाशी बोल. मोशे बोलला खरा, पण खडकाशी नाही, लोकांशी. बंडखोर म्हणाला त्यांना, आणि आम्हीच तुम्हाला खडकातून पाणी काढून द्यायचं का, असं विचारलं. मग काठी मारली, दोनदा.

फळ्यावर दोन रकाने करा. डावीकडे ‘देव काय म्हणाला’, उजवीकडे ‘मोशेनं काय केलं’. डावा रकाना भरल्याशिवाय उजव्याला हात लावू नका आणि शिक्षा तर अगदी शेवटी. आधी शिक्षा सांगितली की पोरांना तीच लक्षात राहते, आज्ञा काय होती ते कुणालाच आठवत नाही. उलटी बादली खडक म्हणून ठेवा, एका पोराच्या हातात काठी द्या. तो न विचारता बादली बडवणारच. तिथंच विचारा, ‘सांगितलं काय होतं?’

मोशेची बहीण मिर्याम, तिला वगळू नका. त्याच अध्यायाच्या पहिल्याच वचनात ती वारली. बहीण नुकतीच मातीआड झालेली आणि दारात पाण्यावरून भांडण. आमच्या पाळकांना वाटतं, यानं आज्ञेचं वजन कमी होतं. मी तरी सांगते.

परिणाम मोजक्या शब्दांत सांगा. देवानं इस्राएल लोकांना द्यायचं कबूल केलेल्या वचनदत्त देशात मोशेला जाऊ दिलं नाही, हीच शिक्षा. त्यानं विनवणी केली, तर देव म्हणाला, पुरे, हा विषय पुन्हा काढू नकोस. नबो डोंगरावरून देश नुसता पाहिला आणि 120 व्या वर्षी तिथंच वारला. पण पाणी आलं, भरपूर आलं! चूक मोशेची, म्हणून देवानं लोकांना तहानलेलं ठेवलं नाही. इथं घाई करू नका, पोरं आपणहून प्रश्न विचारतात.

मोठ्या मुलांना शौल राजा द्या, 1 शमुवेल 15. शत्रूचं काहीही राखू नकोस, गुरंमेंढरंसुद्धा, अशी त्याला आज्ञा होती. ‘मी आज्ञा पाळली’ असं तो सांगतोय आणि मागं लुटून आणलेली मेंढरं बें बें करताहेत. मागच्या बाकावरच्यांना मेंढरं करा, वर्ग जागा होतो. यहोशवा 7 मधला आखान मात्र कॉलेजच्या पोरांसाठीच ठेवा, त्यानं मनाई असलेली लूट लपवली: चोरी एकाची, आय गावासमोर मेली 36 माणसं, आणि शेवटी दगडमार. देवानं पाठवलं तिथं न जाता पळालेल्या योना संदेष्ट्याचं म्हणाल, तर त्याला गिळणाऱ्या माशातच तासाचा सगळा वेळ जातो. देव त्याला दयेबद्दल समजावतो तो चौथा अध्याय वाचणार नसाल तर घेऊच नका.

आता अवघड भाग. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा एका पाहुण्या उपदेशकानं सांगितलं की हा दुष्काळ लातूरच्या पापाची शिक्षा आहे. दुसऱ्या रविवारी एका पोरानं विचारलं, ‘टीचर, आम्ही काय केलं?’ असा प्रश्न आला की गोलगोल बोलू नका. सरळ योहान 9 उघडा. जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, ह्याचं की आईबापाचं? येशू म्हणतो, ह्याचंही नाही, त्यांचंही नाही. ते वचन त्याच पोराला मोठ्यानं वाचायला लावा. आज्ञा मोडली तर परिणाम होतो हे शास्त्रात आहे. म्हणून ज्याच्यावर संकट आलं त्यानं आज्ञा मोडलीच असेल, हे आपण जोडलेलं शेपूट.

मी वाचायला लावलं. वाचून झाल्यावर त्यानंच पुन्हा विचारलं, ‘मग मोशे प्याला का ते पाणी?’ मी बोट ठेवून वचन पाहिलं. मंडळी प्याली, गुरंढोरं प्याली, एवढंच लिहिलंय. काय सांगावं याचा विचार करतेय तोवर बाहेर टँकरचा हॉर्न वाजला आणि अर्धा वर्ग घागरी घ्यायला पळाला.