एकच अ‍ॅप, दोन देश: स्वीकारात संस्कृतीचा वाटा कसा मोजावा

पुण्यातल्या आणि जर्मनीतल्या कार्यालयांत एकच अ‍ॅप आणलं. एकीकडे ते रुळलं, दुसरीकडे लोक अडून बसले, की लगेच संस्कृतीकडे बोट जातं. आधी मोजा.

देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणारे संशोधक हॉफस्टीड यांच्या तक्त्यात सत्ता-अंतराचा, म्हणजे अधिकारातली विषमता लोक किती स्वीकारतात याचा, गुण भारताला 77, जर्मनीला 35 आहे. त्यावरून फक्त प्रश्न ठरवा: वरिष्ठांच्या शब्दाला पुण्यात जास्त वजन आहे का? हा आकडा देशाचा आहे, माणसाचा नाही. प्रत्येक पुणेकरापुढे 77 लिहून गणित मांडणं ही सर्रास होणारी आणि सगळा अभ्यास वाया घालवणारी चूक. सत्ता-अंतराचे चार-पाच प्रश्न प्रत्येकाला स्वतंत्र विचारा.

बाकी प्रश्नावलीसाठी लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात हे सांगणाऱ्या डेव्हिस यांच्या 1989च्या प्रारूपातले दोन घटक घ्या: उपयुक्तता आणि सोपेपणा. त्यांना वरिष्ठांची अपेक्षा आणि सहकाऱ्यांची अपेक्षा वेगवेगळी जोडा. एकत्र केलीत तर नेमका हवा तो फरक पुसला जातो. प्रत्येक घटकाला 3-4 विधानं, 1 ते 7 गुण. मराठी आणि जर्मन भाषांतर मूळ न पाहिलेल्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्या, मग 20-30 जणांवर चाचणी. प्रत्यक्ष सर्वेक्षणात प्रत्येक देशातून किमान 200 उत्तरं असावीत.

काही ठिकाणी लोक सरसकट ‘सहमत’ म्हणतात, काही ठिकाणी मधला आकडा धरतात. म्हणून काही विधानं उलट्या अर्थाची ठेवा. दोन्ही गटांत विधानांचे भार (प्रत्येक विधान आपल्या घटकाशी किती घट्ट जोडलेलं आहे ते) सारखे निघाले, तरच घटकांमधल्या संबंधांची तुलना करा. सरासरीची तुलना करायची तर विधानांचे आरंभबिंदूही जुळायला हवेत, म्हणजे घटकाची पातळी सारखी असताना विधानाला दोन्हीकडे सारखेच गुण मिळायला हवेत.

अ‍ॅप सक्तीचं होतं की ऐच्छिक, हे नोंदवाच. सक्तीचा वापर म्हणजे स्वीकार नव्हे. आणि कायदा तपासा: जर्मनीत कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर किंवा कामावर नजर ठेवू शकणारी यंत्रणा आणायची तर, जिथे निवडून आलेली कर्मचारी परिषद आहे, तिथे तिची संमती लागते. ‘जर्मन लोक बदलाला घाबरतात’ असं ज्याला म्हटलं जातं, तो विलंब कित्येकदा या वाटाघाटींचा असतो. वापराच्या नोंदी अभ्यासासाठी हव्या असतील, तर त्यांची परवानगीही याच वाटाघाटीत घ्या. पुढे लोकांनी सांगितलेला वापर त्या नोंदींशी ताडून पाहा.