चीडची कोवळी रोपं कोलमडतात? लसणाचं पाणी द्या

हिमाचल-उत्तराखंडकडच्या रोपवाटिकांत, किंवा तिकडून आणलेलं बी कुंडीत लावलं तरी, चीडच्या (हिमालयातल्या पाइन झाडाच्या) रोपांचं एक दुखणं ठरलेलं: डोक्यावर बीच्या टरफलाची टोपी तशीच असते आणि देठ मातीलगत तपकिरी, दोऱ्यासारखा होऊन रोप आडवं पडतं. ही बुरशी.

1. पहिलं रोप पडताच ते आजूबाजूच्या मातीसकट काढून टाका. ते काही वाचत नाही.
2. 50 ग्रॅम लसूण ठेचून 10 मिनिटं तसाच ठेवा. मग 1 लिटर साध्या पाण्यात कालवून दुहेरी फडक्यातून गाळा. उकळायचं अजिबात नाही, उकळलं की जोर जातो.
3. उरलेल्या रोपांच्या बुंध्याशी संध्याकाळी थोडं थोडं ओता. पाणी त्याच दिवशी संपवा, आठवड्याने ताजं करा.

वर जाडसर वाळूचा पातळ थर द्या आणि रोजचं पाणी कमी करा. खरं तर निम्मं काम यानेच होतं. ओल तशीच राहिली तर लसूण वाया.

आधी दोन-चार रोपांवर करून बघा, तीव्र झालं तर कोवळ्या सुया (सुईसारखी पानं) करपतात. वासाचं मात्र काही करता येत नाही!