आयआरसीवर परतताना या चुका टाळा

नागपूरच्या सीताबर्डी आणि धरमपेठेतील सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ज्यांनी चॅटिंग केले, त्या पिढीला समाजमाध्यमांचा उबग आला की आयआरसीची, म्हणजे इंटरनेट रिले चॅट या मजकुरी गप्पांच्या जुन्या व्यवस्थेची, आठवण होते. फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये सुरू केलेली ही व्यवस्था आजही चालू आहे. तिच्यात जाहिराती नाहीत आणि काय वाचावे हे ठरवणारा अल्गोरिदमही नाही. मात्र परतणारे बहुतेक जण व्हॉट्सॲपच्या सवयी सोबत घेऊन येतात आणि तिथेच घोटाळा होतो.

पहिली अडचण जोडणीचीच असते. जुन्या लेखांत फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कचा (एकमेकांना जोडलेल्या सर्व्हरांच्या जाळ्याचा) पत्ता दिलेला आढळतो. परंतु मे २०२१ मध्ये मालकीच्या वादातून तेथील स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट हे नवे नेटवर्क उभारले, त्यामुळे आता तिकडेच जावे. सुरक्षित जोडणीसाठी ६६९७ हा पोर्ट (सर्व्हरवरील प्रवेशद्वाराचा क्रमांक) वापरावा. टीएलएसचा, म्हणजे सांकेतिक रूपातील सुरक्षित जोडणीचा, पर्याय निवडून पोर्ट मात्र जुना ६६६७ ठेवल्यास जोडणी पूर्णच होत नाही आणि दोष उगाच इंटरनेटच्या माथी मारला जातो.

पासवर्ड उघड होण्याची चूक याहून महागात पडते. निकसर्व्हला, म्हणजे टोपणनावांची नोंद ठेवणाऱ्या सेवेला, ओळख पटवण्याची आज्ञा तिरप्या रेघेने (/) सुरू होते. त्या रेघेआधी चुकून एक मोकळी जागा सुटली, तर अनेक क्लायंट (आयआरसी वापरण्याची ॲप) ती संपूर्ण ओळ साधा संदेश समजून चॅनेलवर, म्हणजे सामायिक गप्पांच्या जागी, सर्वांसमोर पाठवतात. असे झाल्यास पासवर्ड तत्काळ बदलावा. क्लायंटमध्ये एसएएसएल (जोडणी होतानाच आपोआप ओळख पटवणारी सोय) एकदा बसवले, की ही आज्ञा हाताने टंकण्याची वेळच येत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक वेगळीच अडचण येते आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख क्वचितच असतो. मूळ नियमानुसार एका ओळीची मर्यादा ५१२ बाइट असून पाठवणाऱ्याची ओळख आणि चॅनेलचे नावही त्यातच बसवावे लागते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, अगदी काना, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा, तीन बाइट घेते. म्हणजे ‘नागपूर’ एवढ्या लहान शब्दालाच १८ बाइट लागतात. परिणामी साधारण १३० ते १५० चिन्हांनंतर संदेश तुटतो. काही क्लायंट उरलेला भाग दुसऱ्या ओळीत पाठवतात, तर काही तो मुकाट्याने गाळतात. शेवटच्या अक्षराच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसू लागले, तर कारण बहुधा हेच असते. वाक्ये आखूड ठेवावीत. मात्र लांब मजकुराचे तुकडे करून ते एकापाठोपाठ धडाधड टाकू नयेत, कारण सर्व्हर त्याला फ्लड (संदेशांचा भडिमार) समजून बाहेर काढतो.

‘रात्रभर काय बोलणे झाले ते दिसतच नाही’ ही तक्रार नेहमीची आहे. आयआरसीचा सर्व्हर साधारणपणे जुने संभाषण साठवत नाही आणि फोनमधील ॲप मागे गेले की जोडणी तुटते. झेडएनसीसारखा बाउन्सर (आपल्या वतीने सतत जोडलेला राहणारा प्रोग्राम) कायम चालू ठेवला तर मागचे संदेश मिळतात, पण तो घरच्या संगणकावर ठेवल्यास उन्हाळ्यात वीज गेली की तोही बंद पडतो. त्यापेक्षा भाड्याचा लहान सर्व्हर बरा.

नागपूरकरांसाठी स्वतंत्र चॅनेल काढणाऱ्यांनी लिबेरावर नावाआधी दोन हॅश (##) लावावेत, कारण एक हॅश तेथे प्रकल्पांसाठी राखलेला असतो. चॅनेल उघडून लोकांची वाट पाहत बसणे व्यर्थ आहे. दोघेतिघे वेगवेगळ्या वेळी डोकावतात, कोणीच नाही असे पाहून निघून जातात आणि पंधरवड्यात चॅनेल ओस पडते. रात्री नऊ ते दहा अशी एखादी वेळ आधीच ठरवून घ्यावी. परदेशी चॅनेलवर प्रश्न विचारताना ‘काही विचारू का?’ असे न म्हणता थेट प्रश्न लिहावा आणि तासभर थांबावे, कारण आपल्या दुपारी अमेरिकेत मध्यरात्र उलटलेली असते. चॅनेलची नोंदणी चॅनसर्व्हकडे (चॅनेल सांभाळणाऱ्या सेवेकडे) लगेच करून किमान आणखी एका विश्वासू व्यक्तीला अधिकार द्यावेत. ईएफनेट या दुसऱ्या जुन्या नेटवर्कवर अशी नोंदणीच नसल्यामुळे नवख्या मंडळींनी तेथे चॅनेल काढण्याच्या भानगडीत पडू नये.