संशोधन जहाजावर ट्रेनिंगला निघालात? या चुका टाळा

समुद्रविज्ञानात एमएस्सी-पीएचडी करणारे कितीतरी जण वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी आणलेल्या डेटावरच काम करतात आणि प्रत्यक्ष जहाजावर जायची वेळ आली की गडबडतात. मीही गडबडले होते. विज्ञान येत नाही म्हणून फारसं काही बिघडत नाही, ते चार दिवसांत शिकता येतं. बिघडतं ते न विचारल्यामुळे, उशिरा विचारल्यामुळे किंवा झालेली चूक लपवल्यामुळे.

पहिली चूक म्हणजे जाहिरातीची वाट बघत बसणं. ठरलेले कार्यक्रम आहेत आणि चांगले आहेत. पोगो ही समुद्रसंशोधन संस्थांची जागतिक संघटना आहे, ती जहाजावरच्या ट्रेनिंगसाठी फेलोशिप देते. जर्मनीचं पोलारश्टेर्न हे 118 मीटर लांबीचं बर्फफोडं जहाज एरवी ध्रुवांकडे जातं, पण 2015 मध्ये ब्रेमरहावेन ते केप टाउन या वाटेवर त्यावर विद्यार्थ्यांची शाळाच भरली होती. ऑस्ट्रेलियात इन्व्हेस्टिगेटर जहाजावर कॅपस्टॅन नावाचा मास्टर्सवाल्यांचा कार्यक्रम 2017 ला सुरू झाला, आणि फ्लोटिंग युनिव्हर्सिटी हा संशोधन करता करता शिकवणारा जहाजावरचा कार्यक्रम तर 1991 पासूनचा. पण यातल्या प्रत्येकाला जागा मोजक्या आणि अर्ज ढीगभर, त्यामुळे एवढ्यावरच विसंबलात तर डिग्री संपेल आणि पाय जमिनीवरच राहतील.

नेटवरच्या जुन्या याद्याही जपून वाचा. जॉइडीस रिझोल्यूशन या ड्रिलिंग जहाजाचं नाव अजून कुठे कुठे दिसतं, पण ते जहाज ज्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात चालायचं तो 2024 मध्येच संपला. अर्ज लिहायला बसायच्या आधी जहाजाचं यावर्षीचं वेळापत्रक शोधा, तेच सापडलं नाही तर पुढे वेळ घालवू नका.

खरी संधी रिकाम्या बंकमध्ये, म्हणजे जहाजावरच्या रिकाम्या राहिलेल्या झोपायच्या जागेत असते. क्रूझचं, म्हणजे संशोधन सफरीचं नियोजन बरंच आधी होतं आणि शेवटच्या काही महिन्यांत कोणाचा तरी व्हिसा अडकतो, कोणाचं लग्न निघतं, आणि चीफ सायंटिस्टला, म्हणजे सफरीच्या मुख्य शास्त्रज्ञाला, सीटीडी या पाणी मोजायच्या यंत्राच्या वॉचला (पाळीला) एक माणूस कमी पडतो. गो-शिप या जगभरचे समुद्र जहाजांवरून मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या लांबलचक क्रूझमध्ये तर हे वॉचचं काम बरंचसं विद्यार्थ्यांवरच चालतं. म्हणून थेट मेल करा, पण मेलमध्ये "मला लहानपणापासून समुद्राची ओढ आहे" लिहू नका प्लीज. समोरच्याला ओढ नको असते, रात्री दोन वाजता न कुरकुरता ऑक्सिजनचं टायट्रेशन (थेंब थेंब रसायन घालून पाण्यातला ऑक्सिजन मोजणं) करेल असं माणूस हवं असतं. चार ओळी पुरतात: काय काय हातानं येतं, कोणत्या तारखांना मोकळे आहात, पासपोर्ट कधीपर्यंत चालतो, आणि फक्त स्वतःच्या सॅम्पलपुरतं नाही तर सगळ्यांचं काम करायची तयारी आहे.

अजून एक वाट आहे जी विद्यार्थ्यांना कोणी सांगतच नाही. परदेशी जहाजाला दुसऱ्या देशाच्या सागरी हद्दीत संशोधन करायचं असेल तर समुद्री कायद्याच्या करारातल्या कलम 248 प्रमाणे निदान 6 महिने आधी त्या देशाला माहिती द्यावी लागते, आणि कलम 249 प्रमाणे त्या किनारी देशाला, शक्य असेल तेव्हा, आपला माणूस जहाजावर पाठवायचा हक्क असतो, तोही प्रकल्पाच्या खर्चात वाटा न उचलता. म्हणजे तुमच्या देशाच्या पाण्यात येणाऱ्या परदेशी जहाजावर एक जागा तुमच्या देशाची असू शकते. ती कोणाला द्यायची ते वरचे लोक ठरवतात हे खरं, पण तुम्हाला जायचंय हे तुमच्या गाइडला माहीतच नसेल तर तुमचं नाव पुढे जाणार कसं?

निवड झाली की कागदपत्रं. इथे लोक हमखास आपटतात. मेडिकल सर्टिफिकेट वेळ खातं, कोणत्या डॉक्टरचं चालतं ते आधी विचारा. दात आधीच दाखवून घ्या, समुद्रात डेंटिस्ट नसतो आणि दाढदुखीसाठी जहाज वळवणं कोणालाच परवडत नाही. काही ठिकाणी सी सर्व्हायवलचा, म्हणजे समुद्रात जीव वाचवायचा कोर्स लागतो. आणि व्हिसा फक्त चढायच्या बंदराचा काढू नका, उतरायच्या बंदराचाही बघा, कारण हवामान बिघडलं की बंदर बदलतं.

बोट लागते त्याचं काय

बोट कोणालाही लागते, वीस वर्षं समुद्रावर काढलेल्यांनाही लागते, त्यात लाज काहीच नाही. चूक एकच, उलटी सुरू झाल्यावर गोळी घेणं. तेव्हा ती पोटात टिकतच नाही. जहाज सुटायच्या आधीच घ्या, आणि घरी एकदा घेऊन बघा, कारण काहींना त्या गोळीनं इतकी झोप येते की वॉच करणं अवघड होतं. कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पॅच डॉक्टरांना विचारूनच, तो निदान 4 तास आधी लावायचा, साधारण 3 दिवस चालतो. लावल्यावर हात धुवा. तेच बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होते आणि दिवसभर धूसर दिसतं. त्रास सुरू झालाच तर केबिनमध्ये लॅपटॉप उघडून बसू नका, जहाजाच्या मधल्या भागात बाहेर उभं राहून क्षितिजाकडे बघा, काहीतरी कोरडं खात राहा. उपाशीपोटी जास्त होतं.

आता डेकवरचं आणि लॅबमधलं, जिथे खरी मजा आहे आणि खरा घोळही.

सीटीडी म्हणजे पाण्याचं तापमान, खारटपणा, खोली मोजणारं यंत्र, आणि त्याच्याभोवती खोलवरचं पाणी भरून आणणाऱ्या 24 किंवा 36 निस्किन बाटल्यांचा गोल, त्याला रोझेट म्हणतात. खाली सोडायच्या आधी प्रत्येक बाटलीची दोन्ही झाकणं उघडी आणि दोऱ्या नीट अडकवलेल्या हव्यात, पण वरचा हवेचा स्क्रू आणि खालची तोटी मात्र बंद. माझ्या पहिल्याच रात्रपाळीत 7 नंबरच्या बाटलीचा वरचा स्क्रू उघडा राहिला. माझ्या लक्षात आलं तेव्हा रोझेट दोन हजार मीटरवर होतं, आणि मी गप्प बसले, म्हटलं एका स्क्रूनं काय होतंय. दुसऱ्या दिवशी त्या बाटलीचा खारटपणा जुळेना, म्हणून दोन माणसं दुपारभर सॅलिनोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं यंत्र खोलून बसली, पुन्हा पुन्हा स्टँडर्ड (खारटपणा आधीच माहीत असलेलं पाणी) लावून बघत. शेवटी मी सांगितलं. चीफनी लॉगशीटवर 7 नंबरसमोर शेरा मारला आणि ते चहा प्यायला गेले. एवढंच. आदल्या रात्री सांगितलं असतं तर तो शेरा तेव्हाच पडला असता.

बाटली गळते का हे बघायची सोपी युक्ती आहे: रोझेट वर आल्यावर वरचा स्क्रू उघडायच्या आधी खालची तोटी उघडा. पाणी धार लावून येऊ लागलं तर हवा कुठून तरी आत शिरतेय, म्हणजे बाटली गळकी. लिहून ठेवा आणि पुढच्या कास्टच्या, म्हणजे यंत्र पुन्हा खाली सोडायच्या आधी झाकणाची रबरी रिंग बघायला सांगा.

सॅम्पल काढायचा क्रम मोडू नका. विरघळलेले वायू आधी, त्यामुळे ऑक्सिजन अगदी सुरुवातीला, मग कार्बन मोजायचे, मग पोषकद्रव्यं, खारटपणा शेवटी. कोणी कितीही घाईत असलं तरी "जरा मी आधी घेते" म्हणायचं नाही. ऑक्सिजनच्या फ्लास्कमध्ये नळी तळापर्यंत घालायची, पाणी फ्लास्कच्या तिप्पट वाहून जाऊ द्यायचं, बुडबुडा दिसला तर ओतून परत घ्यायचं. आणि प्रत्येक फ्लास्कचं झाकण त्याचंच. फ्लास्क आणि झाकण या जोडीचं आकारमान मोजलेलं असतं, धुताना झाकणं मिसळली की पुढची सगळी गणितं चुकतात आणि आकड्याकडे बघून ते कळतही नाही.

स्क्रीनवर सीटीडीच्या दोन जोड सेन्सरांचे आकडे सुरुवातीलाच जुळत नसतील तर घाबरू नका, बहुतेक वेळा नळीत हवा अडकलेली असते. म्हणून तर यंत्र साधारण 10 मीटरवर दोन-तीन मिनिटं थांबवतात, पंप सुरू होऊन हवा निघून जाईपर्यंत. मधेच एका सेन्सरचा आकडा भरकटला तर एखादी जेलीफिश किंवा तिचा चिकट तुकडा आत ओढला गेला असेल. टेक्निशियनला उठवा. झोपलेल्या माणसाला कसं उठवायचं म्हणून ताटकळत बसू नका, तो त्याचसाठी जहाजावर आहे.

लॉगशीटमध्ये वेळ यूटीसीच (जगभर एकच असलेली प्रमाणवेळ) लिहा, जहाजाचं घड्याळ वाटेत बदलतं. जागा लिहिताना अंश-मिनिटं आणि दशांश यांची खिचडी करू नका. 15 अंश 30.5 मिनिटं म्हणजे 15.508 अंश, पण घाईत कोणीतरी 15.305 लिहितं आणि स्टेशन नकाशावर 22 किलोमीटर सरकतं. मार्करनं लिहिलेलं लेबल अल्कोहोलचा एक थेंब पडला की पुसतं, त्यामुळे प्लँक्टनच्या बरणीत जाड कागदावर शिसपेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी आत टाका. लॅपटॉप, मायक्रोस्कोप, बाटल्यांचे क्रेट, सगळं पहिल्याच दिवशी बांधा, समुद्र शांत असतानाच.

विंच चालू असताना ताणलेल्या वायरजवळ उभं राहू नका, दोराच्या वेटोळ्यात पाय टाकू नका, हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय डेकवर जाऊ नका. बोसननं, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमानं, ओरडून हटवलं तर आधी हटा, का ते नंतर विचारा. शिफ्टला पंधरा मिनिटं आधी पोचा म्हणजे आधीच्या माणसाकडून काय बिघडलंय ते कळतं, तो दमलेला असतो आणि त्याला जेवायचं असतं.

शेवटच्या दोन दिवसांत सगळ्यांना घर दिसू लागतं आणि इथेच सॅम्पल हरवतात. डेटा कोण कधी वापरणार, पेपरमध्ये नाव कसं येणार, हे उतरायच्या आधी बोलून मेलवर लिहून घ्या, नंतर प्रत्येकाची आठवण वेगळी असते. उणे 80 च्या फ्रीझरमधला तुमचा डबा कुठल्या कप्प्यात आहे त्याचा फोटो काढा, डब्यावर नाव, क्रूझ नंबर आणि कोणाच्या ताब्यात द्यायचा ते लिहा. तो डबा चुकून राहिला तर जहाज त्याला घेऊनच पुढच्या क्रूझला निघतं, आणि तिथे नवीन लोकांना जागा हवी असते.