जांभळी ज्योत दिसत नाही? आधी तार धुवा

ज्योत परीक्षेत, म्हणजे तारेच्या टोकावर क्षार घेऊन तो ज्योतीत धरायचा आणि रंगावरून त्यातला धातू ओळखायचा, या चाचणीत पोटॅशियम हमखास चकवतं. त्याची ज्योत फिकट जांभळी, पण सोडियमचा नुसता अंश असला तरी भडक पिवळ्या रंगात ती पार झाकली जाते. आणि सोडियम बोटांच्या घामातही असतं! म्हणून तारेच्या टोकाला हात लावूच नका. प्लॅटिनमची किंवा नायक्रोमची तार तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून बर्नरच्या निळ्या ज्योतीत धरा. ज्योतीला कसलाच रंग येईनासा होईपर्यंत हेच करत राहा. (चष्मा घालूनच.) एवढं करूनही पिवळंच दिसलं, तर कोबाल्टच्या निळ्या काचेतून बघा. ती पिवळा प्रकाश अडवते आणि मागची लालसर जांभळी छटा उठून दिसते. तांब्याची हिरवट निळी ज्योत मात्र नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येते.