टॉर्च फुल्लवर मारू नका : उजेड निवडताना होणाऱ्या या चुका टाळा

मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, टॉर्च घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न हमखास एकच विचारतं, "सगळ्यात पॉवरफुल कुठला?" घरी नेऊन त्या टॉर्चने करणार काय, तर कपाटामागे पडलेला स्क्रू शोधणार, पडलेला एमसीबी स्विच वर करणार आणि रात्री पाणी प्यायला उठणार. ल्यूमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप, आणि यातल्या कुठल्याच कामाला शंभर ल्यूमेनसुद्धा लागत नाहीत. मेणबत्तीचा उजेड साधारण १२ ल्यूमेन असतो. दोन मोठ्या सेलच्या, पिवळ्या बल्बच्या जुन्या बॅटरीचा उजेडही दहा-वीस ल्यूमेनच्या आतबाहेरच असायचा, आणि तेवढ्यावर माणसं शेतात पाणी धरायला जात होती. आता खिशात हजार ल्यूमेन आलेत आणि पायाखालची पायरी दिसत नाही, कारण बटण दाबलं की थेट फुल्ल.

हाताजवळच्या कामाला फुल्ल मारणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त डोकं फिरवते. सोसायटीच्या मीटर रूममधलं नेहमीचं दृश्य घ्या. एका घरातली लाइट गेलेली, तिघं खाली उतरलेले, आणि एकाच्या हातात नवाकोरा हजार ल्यूमेनचा टॉर्च. तो बोर्डापासून दीड फुटावर उभा राहून फुल्ल मारतो. मीटरची काच आणि पत्र्याचा पांढरा रंग झोत सरळ डोळ्यात परत पाठवतात. स्विचखाली पेनाने लिहिलेले फ्लॅट नंबर उजेडात धुऊन निघतात. त्याला वाटतं उजेड कमी पडतोय, म्हणून तो टॉर्च आणखी जवळ नेतो. मग अंदाजाने एक स्विच खाली येतो आणि वरून तिसऱ्या मजल्यावरची काकू ओरडते, "आमची का घालवली?"

हिशेब सोपा आहे. झोताचा गोल अर्धा मीटर रुंद असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौरस मीटर भरतं. त्यात ६० ल्यूमेन टाकले की ३०० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ल्यूमेन, मिळतात. ऑफिसच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स असले तरी माणसं आठ-आठ तास वाचतात, लिहितात. त्याच गोलात हजार ल्यूमेन ओतले की ५००० लक्स होतात. इतक्या उजेडात बाहुली आकसते, आणि गोलाच्या बाहेरचं सगळं, म्हणजे तुमचा पाय, पेचकस आणि शेजारची उघडी वायर, काळ्याकुट्ट अंधारात जातं.

म्हणून सवय अशी लावा: बटण दाबल्यावर पहिला उजेड सगळ्यात खालच्या लेव्हलचा. दोन-तीन सेकंद थांबा, डोळ्याला जुळवून घेऊ द्या. अक्षर वाचता येत नसेल तरच एक पायरी वर. घाईच्या माणसाला हे तीन सेकंद फार जड जातात. तो आधी टर्बो, म्हणजे सगळ्यात वरची लेव्हल, मारतो, मग डोळे चोळत लो करतो, आणि तेव्हा खरंच काही दिसत नाही. अंधारात पूर्ण सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. एका फुल्ल झोताने ती कमाई क्षणात जाते.

दुसरी सवय कोनाची. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरू नका, बाजूने आणि थोडा खालून धरा, म्हणजे चकाकी दुसरीकडे जाते आणि स्क्रूच्या खाचेत सावली पडून खाच उठून दिसते. सिंकखालचा गळका नट शोधताना याचा फार उपयोग होतो. ओला भाग तिरप्या उजेडातच चमकतो. समोरून मारलेल्या उजेडात सगळा पाइप सारखाच पांढरा दिसतो.

झोत मधोमध फारच टोचत असेल तर काचेवर बटर पेपरचा तुकडा रबरबँडने बांधा. उजेड मऊ पसरतो. हे फक्त खालच्या लेव्हलला करायचं. टर्बोवर काचेपुढचा कागद तपकिरी पडायला वेळ लागत नाही.

आणि वायरिंगच्या कामाला ल्यूमेनपेक्षा सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, बघा. स्वस्त टॉर्चचा निळसर पांढरा उजेड बहुधा ७० सीआरआयचा असतो. त्यात लाल रंग मळकट तपकिरी वाटतो, आणि जुनाट निळी वायर व हिरवी अर्थिंग यांच्यात गल्लत होऊ शकते. ९० च्या वर सीआरआय असलेला, किंचित पिवळसर उजेडाचा टॉर्च ८० ल्यूमेनवरही रंग खरे दाखवतो. तरीही रंगावर विसंबू नका. मेन बंद करा, टेस्टर लावा, मगच हात घाला.

खोक्यावरचे आकडे खरे धरणं

"९०,००० ल्यूमेन" छापलेले टॉर्च फुटपाथवर चारशे रुपयांना मिळतात. एलईडी, सर्किट, काच असं सगळं धरून एका वॅटला शंभर ल्यूमेन मिळाले तरी बरं म्हणायचं. म्हणजे नव्वद हजाराला ९०० वॅट लागतील, जवळजवळ कपड्यांच्या इस्त्रीइतके. तो टॉर्च हातात धरता आला असता का? सेलचंही तसंच. १८६५० मापाच्या, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब सेलमध्ये चांगल्यात चांगला माल ३५०० एमएएचच्या (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) आसपास थांबतो. ९९०० छापलेला सेल दिसला की दुकानदाराला नमस्कार करून पुढे चालू लागा.

चांगल्या कंपनीचं खोकंही नीट वाचावं लागतं. "१२०० ल्यूमेन, ३ तास" याचा अर्थ तीन तास १२०० असा नाही. एफएल१ या टॉर्च मोजण्याच्या मानकानुसार ल्यूमेन सुरुवातीच्या ३० सेकंद ते २ मिनिटांत मोजतात, आणि उजेड त्याच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा काळ रनटाइम धरतात. मधे टॉर्च गरम होतो म्हणून एक-दोन मिनिटांत स्वतःच ४००-५०० वर येतो. लोक याला डिफेक्ट समजून टॉर्च परत करतात. डिफेक्ट नाही, तसा तो बनवलेलाच आहे. मुंबईच्या मे महिन्यात, वारा नसेल तर, तो आणखी लवकर उतरतो.

लांबचा पल्ला कॅंडेलावर, म्हणजे झोत एका दिशेला किती तीव्र आहे त्यावर ठरतो, ल्यूमेनवर नाही. कॅंडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की मीटरमध्ये पल्ला येतो: १०,००० कॅंडेलाला २०० मीटर. त्या टोकाला उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका, पाव लक्स असतो. काही ओळखू यायला हवं असेल तर निम्मं अंतर धरा.

पहिल्या तासात सगळी बॅटरी उधळणं

लोणावळ्याहून राजमाची किल्ल्याची वाट रात्री चालणारे दर मोसमात हे नाटक करतात. रेंज नसते, पण उत्साह भरपूर असतो. पंधरा-सोळा किलोमीटरची, चार-पाच तासांची चाल, बरीचशी गाडीवाट. दहा जणांत सात टॉर्च, सातही टर्बोवर, आणि त्यातले तीन झाडांवर फिरवले जातात, कारण मित्रांना पल्ला दाखवायचा असतो. तासाभरात पहिला टॉर्च मिणमिणतो, दोन तासांत चार बंद पडतात. खरी गरज लागते ती शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये, किल्ल्याखालच्या उधेवाडी गावाच्या अलीकडे, जेव्हा पाय दमलेले असतात आणि ठेच लागते. तिथे सगळी वरात एका मोबाइलच्या मागे चालते. मोबाइलचा टॉर्च ३० ते ५० ल्यूमेनचा, आणि फोनची बॅटरीही १५ टक्क्यांवर. काजवे बघायला जूनमध्ये गेलेल्या मंडळींचा तर दुहेरी तोटा होतो: झोत पडला की काजवे लुकलुकायचे थांबतात, आणि परतीला उजेडही उरत नाही.

इथे पाण्याच्या टाकीसारखा हिशेब ठेवायचा. ३००० एमएएचच्या एका १८६५० सेलमध्ये सुमारे ११ वॅट-तास असतात, म्हणजे ढोबळमानाने हजार ल्यूमेन-तास. हजारावर उधळले तर एक तास, शंभरावर दहा तास, पन्नासावर वीस तास. पाच तासांच्या चालीला शंभराने गेलात तर सेल निम्मा उरतो. आणि शंभर म्हणजे हजाराच्या दहाव्या हिश्शाइतकं अंधुक दिसतं असंही नाही. डोळ्याला उजेड दुप्पट वाटायला ल्यूमेन साधारण चौपट लागतात, म्हणून हजारावरून अडीचशेवर आलात तर तो निम्म्यावर आल्यासारखा भासतो. बॅटरी मात्र चौपट टिकते.

गाडीवाटेला ५० ते १००, दगडधोंड्यांच्या उतारावर १५० ते २००. टर्बो फक्त दहा सेकंदांसाठी, वाट फुटते तिथे लांबचं बघायला. सेलची एक जोडी जास्तीची, प्लास्टिकच्या डबीत. सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकणारे लोक अजूनही भेटतात. शॉर्ट झाला तर मांडी भाजते, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

धुक्यात उजेड वाढवणं

पावसाळ्यात घाटमाथ्यावर धुकं आलं की हात आपोआप बटणाकडे जातो. उजेड वाढवला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण पाण्याचे कण तोच उजेड परत फेकतात. डोक्यावरचा हेडलॅम्प इथे सगळ्यात वाईट, कारण तो डोळ्यांच्या अगदी जवळ असतो. तो काढून कमरेच्या उंचीवर हातात धरा, १०० वर आणा, झोत पायापुढे दोन-तीन मीटरवर ठेवा.

मुंबईत तुंबलेल्या पाण्याचीही तीच गत. गढूळ पाण्यात हजार ल्यूमेन मारले तरी वरचा तपकिरी पृष्ठभागच उजळतो, खालचं उघडं गटार दिसत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता. तशा पाण्यात टॉर्चपेक्षा काठीचा आणि बंद छत्रीचा उपयोग जास्त. काठीने पुढची जमीन चाचपत, शक्यतो माणसांच्या रांगेतून चाला आणि टॉर्च गाडीवाल्यांना तुम्ही दिसावं म्हणून खाली धरून ठेवा. त्यांच्याकडे स्ट्रोब, म्हणजे भराभर लुकलुकणारा झोत, मारू नका, आंधळा झालेला ड्रायव्हर तुमच्याच अंगावर येईल.

लाइट गेल्यावर टॉर्च हातात घेऊन बसणं

१२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बिघडून मुंबईची वीज सकाळी दहाच्या सुमारास गेली. भर दिवसा, तरी आतल्या बाजूच्या जिन्यांत मिट्ट काळोख. अशा वेळी झोत खोलीभर फिरवू नका. टॉर्च स्टीलच्या उंच पेल्यात उभा ठेवा, तोंड छताकडे, लेव्हल १५०. पांढऱ्या छतावरून पसरलेला उजेड १० बाय १२ च्या खोलीत जेवायला आणि वावरायला पुरतो. छत निळं किंवा हिरवं रंगवलेलं असेल तर तेवढा उजेड परत येत नाही, मग झोत पांढऱ्या चादरीवर मारा. जिना उतरताना ३० ते ६० ल्यूमेन, दोन पायऱ्या पुढे. वर येणाऱ्याच्या तोंडावर नाही. वॉचमनलाही हे एकदा नीट सांगा, तो प्रत्येकाचा चेहरा टॉर्चने ओळखतो.

आणखी काही, थोडक्यात

रात्री बाथरूमला जायला एक ल्यूमेन पुरतो, अर्धाही चालतो. बऱ्याच साइड स्विचच्या टॉर्चमध्ये बंद असताना बटण दाबून धरलं की ही लेव्हल लागते. मॅन्युअल वाचा.

मोड मेमरी असलेला, म्हणजे शेवटची लेव्हल लक्षात ठेवणारा टॉर्च बंद करण्याआधी लोवर आणून मगच बंद करा, नाहीतर पहाटे तीनला टर्बो उघडेल आणि बायको उठेल.

प्रत्येक क्लिकला हाय, लो, स्ट्रोब, एसओएस फिरणारे झूम टॉर्च घेऊच नका. लो शोधता शोधता तीनदा लखलखाट होतो, आणि झूमच्या सरकत्या नळीतून पाणी आत जातं.

बॅगेत टाकताना शेपटीची टोपी पाव फेरा सैल करा. चुकून टर्बो लागला तर कपडा करपतो.

गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आहे ते बघायला २०० पुरेत, पण झोत सरळ खाली मारला तर पाण्यात तुमचाच टॉर्च दिसतो. तिरपा मारा आणि आतल्या भिंतीवरची पाण्याची रेषा बघा.

सोसायटीच्या बागेत किंवा मुंबईच्या आरेच्या जंगलाच्या बाजूला पावसाळ्यात घोणस, मण्यार यांच्या भीतीने लोक लांबवर उजेड फेकतात. साप पायाजवळ असतो. १५० ल्यूमेन, पसरट झोत, पुढची दोन पावलं.

चार्जिंगचे स्वस्त, जाडजूड टॉर्च बरेचदा लेड-ॲसिडचे असतात. ते रिकामे करून कपाटात ठेवले की पुढच्या पावसाळ्याला मेलेले सापडतात. महिन्यातून एकदा चार्ज करा. लिथियमचा टॉर्च मात्र अर्धा भरून ठेवायचा आणि तीन महिन्यांनी बघायचा. पेन्सिल सेल आत ठेवून विसरलात तर ते पाझरून पांढरी पूड धरते आणि स्प्रिंग खाते, म्हणून ते बाहेर काढून टॉर्चलाच रबरबँडने बांधून ठेवा.

यूएसबी चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण उघडं राहिलं तर आयपीएक्स८ (पाण्यात बुडवलं तरी चालेल, असा शिक्का) लिहिलेलं असूनही पाणी शिरू शकतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडतात. ओल्या पोर्टला केबल लावू नका. फडक्याने पुसून, पंख्याखाली रात्रभर ठेवून मगच लावा. ओ-रिंगला, म्हणजे टोपीच्या आट्यांजवळच्या रबरी कड्याला, वर्षातून एकदा, मे अखेरीस, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. खोबरेल तेल नाही.