जुन्या लॅपटॉपवर स्वतःपुरतं हलकं लिनक्स कसं उभं करायचं

मामाने 2 जीबी रॅमचा लॅपटॉप भंगारात द्यायला काढला होता, म्हटलं थांब मामा, दोन दिवस दे. आता हलकं लिनक्स म्हटलं की लोक लगेच पपी, अँटिक्स, लुबुंटू सुचवतात आणि ती चांगलीच आहेत, घाई असेल तर सरळ अँटिक्स टाका आणि पुढचं वाचू नका. पण तयार डिस्ट्रोतून (म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्तीतून) नको ते काढत बसायचं म्हणजे एक पॅकेज उडवलं की त्याच्यासोबत हवी असलेली चार जातात. त्यापेक्षा मला रिकाम्यापासून सुरू करून लागेल तेवढंच टाकत जाणं बरं वाटतं, त्यासाठी डेबियन या डिस्ट्रोची नेटइन्स्ट आयएसओ घ्यायची, म्हणजे बाकीचं नेटवरून उतरवणारी छोटी इन्स्टॉल फाईल. फक्त आधी मशीन 64 बिट आहे ना ते बघा, डेबियन 13 मध्ये 32 बिटचा इन्स्टॉलरच नाहीये.

इन्स्टॉल करताना रूटचा, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिन खात्याचा, पासवर्ड रिकामा सोडा, म्हणजे तुमच्या युजरला आपोआप सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार वापरणारी कमांड) मिळतं. नेटसाठी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलेलं सगळ्यात सोपं, त्याचं कारण खाली येतंच. मग येते सॉफ्टवेअर निवडायची स्क्रीन. इथे डेबियन डेस्कटॉप आणि ग्नोम (एक जड डेस्कटॉप) दोन्हींवरच्या चांदण्या काढायच्या, आणि त्या स्पेसबारने काढायच्या, एंटरने नाही! मी पहिल्यांदा सवयीने एंटर दाबलं, ते चांदणी न काढता थेट पुढे गेलं आणि अख्खं ग्नोम डाउनलोड व्हायला लागलं, दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारपर्यंत खल्लास. फक्त स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज ठेवा.

रीबूट झाल्यावर काळी स्क्रीन आणि लॉगिन, बस्स. घाबरू नका, हेच हवं होतं.

आता कमांड मी देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या. सुडो आप्ट इन्स्टॉल, त्यापुढे डॅश डॅश नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स. हा पर्याय महत्त्वाचा, कारण आप्ट, म्हणजे डेबियनचा पॅकेज टाकणारा प्रोग्रॅम, एरवी शिफारस केलेली पॅकेजेस पण न विचारता ओढून आणतं आणि हलकेपणा तिथेच जातो. यात टाका एक्सऑर्ग आणि एक्सइनिट (ग्राफिक स्क्रीनसाठी), ओपनबॉक्स (खिडक्या सांभाळणारा), टिंट2, एलएक्सटर्मिनल, पीसीमॅनएफएम (फाईल बघायला), नेटवर्क-मॅनेजर. होम फोल्डरमध्ये डॉट एक्सइनिटआरसी नावाची फाईल करून त्यात एकच ओळ, एक्झेक ओपनबॉक्स-सेशन. मग स्टार्टएक्स मारा, करड्या रंगाची रिकामी स्क्रीन येईल, राइट क्लिक केलं की मेनू.

खालचा पॅनल म्हणजे टिंट2, तो ओपनबॉक्सच्या ऑटोस्टार्ट फाईलमधून सुरू होतो, आणि त्या फाईलमध्ये जे चालूच राहणार आहे अशा प्रत्येक ओळीच्या शेवटी & चिन्ह हवंच. मी टिंट2 पुढे ते विसरलो होतो, पॅनल मस्त दिसायचा पण त्याच्या खालच्या ओळी चालायच्याच नाहीत, वॉलपेपर नाही की काही नाही, आणि मी तासभर वॉलपेपरच्या प्रोग्रॅमला शिव्या घालत बसलो.

वायफायची गंमत पण ऐका. इन्स्टॉल वायफायवरून केलं असेल तर डेबियन ते कनेक्शन इटीसीमधल्या नेटवर्क फोल्डरच्या इंटरफेसेस फाईलमध्ये लिहून ठेवतं आणि जे तिथे आहे त्याला नेटवर्कमॅनेजर हात लावत नाही, अनमॅनेज्ड म्हणतं. त्या फाईलमधल्या वायफायच्या ओळींपुढे हॅश (#) टाकून त्या बंद करा आणि रीबूट करा. म्हणून टेदरिंग म्हटलं.

मराठीसाठी फॉन्ट्स-लोहित-देवा लगेच टाका, नाहीतर लोकसत्ता उघडला की नुसते चौकोन. आवाजासाठी पल्सऑडिओ आणि पाव्हूकंट्रोल.

कमी रॅमवर झेडरॅम-टूल्स मात्र सोडू नका. ते रॅममध्येच कॉम्प्रेस केलेला स्वॅप, म्हणजे रॅम भरली की वापरायची जादा जागा, बनवतं. झेडरॅमस्वॅपच्या सेटिंग फाईलमध्ये अल्गो झेडएसटीडी आणि पर्सेंट 50 करा, दोन्ही ओळींपुढचा हॅश काढायला विसरू नका.

एवढं झाल्यावर फ्री डॅश एच मारलं तर मामाच्या मशीनवर 230 एमबीच्या आसपास रॅमचा वापर दिसला, काहीही उघडलेलं नसताना. पण खरं सांगतो, फायरफॉक्स उघडून दहा टॅब लावले की हा सगळा हिशेब कोलमडतो, वेबसाइट्सच जड आहेत त्याला ओपनबॉक्स काय करणार. मामाला मी चार टॅबची मर्यादा घालून दिलीय, पाळतो असं नाही. हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी बसवली तर मात्र फरक डोळ्यांना दिसतो, पैसे खर्चायचेच असतील तर तिथे खर्चा. बूटला वेळ लागत असेल तर सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम, कोण किती सेकंद खातंय ते वरपासून खाली दिसतं. नको ते तिथेच सापडतं, मामाकडे प्रिंटरच नाही, मग कप्स ही प्रिंटिंगची सेवा कशाला?

शेवटी आप्ट-मार्क शोमॅन्युअल चालवून मुद्दाम टाकलेल्या पॅकेजेसची ती यादी आणि सेटिंग्जचं डॉट कॉन्फिग फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा. मामीचा पण एक जुना लॅपटॉप निघालाय माळ्यावरून, त्याला आता ही यादीच आप्टला देणार आहे.